हळुवार रायझर : काही महिने वापरल्यानंतर

मराठी श्राव्यकथा आणि छोट्या माहितीपटांचं मिक्सिंग करताना गेले काही महिने मी हळुवार रायझर, म्हणजे ताण वाढवायला हळूहळू चढत जाणारे आवाज, सतत वापरतोय. ट्रेलरमध्ये शेवटी धाडकन आदळतात ते नव्हेत. निवेदनाखालून चढत जाणारे, ऐकणाऱ्याच्या चटकन लक्षातही येणार नाहीत असे. ताण वाढवायला यापेक्षा स्वस्त साधन मला सापडलेलं नाही.

आधी विकतचा पॅक घेतला होता. ध्वनी स्वच्छ होते, पण जवळपास सगळे ठोक्यात बसवलेले. निवेदक ठोक्यावर बोलत नाही, श्वासावर बोलतो. त्यामुळे आता रायझर घरीच करतो, रीपर या ध्वनिसंपादनाच्या सॉफ्टवेअरमध्ये. सगळ्यात आवडता आहे झांजेचा. झांजेचा एकच ठोका घ्यायचा, नाद पूर्ण विरेपर्यंत रेकॉर्डिंग चालू ठेवायचं आणि क्लिप उलटी करायची. विरत गेलेला नाद आता शून्यातून वर येतो. मूळ ठोका शेवटी येतो, तेवढा कापून टाकायचा. नाहीतर हवा खेचल्यासारखा आवाज होतो आणि सगळी युक्ती उघडी पडते.

नुसत्या नॉइजवर, म्हणजे सूर नसलेल्या सळसळत्या आवाजावर, फिल्टर उघडत नेला (आवाज हळूहळू उजळ होत गेला) तर मात्र परिणाम फिका वाटतो. मानसशास्त्रज्ञ जॉन न्यूहॉफ यांचा 1998 साली ‘नेचर’ या विज्ञानपत्रिकेत आलेला प्रयोग वाचल्यावर याचं कारण उमगलं. आवाज सारख्याच प्रमाणात वाढला आणि उतरला, तरी वाढणारा बदल लोकांना मोठा वाटतो. पण हे सुरांच्या बाबतीत दिसलं, नॉइजच्या बाबतीत नाही. तेव्हापासून नॉइजखाली तानपुऱ्याचा षड्ज ठेवतो आणि त्याची पातळी सावकाश वाढवतो. फरक लगेच जाणवतो.

मानसशास्त्रज्ञ रॉजर शेपर्ड यांनी 1964 मध्ये मांडलेला, कायम चढतच राहिल्याचा भास देणारा स्वरही वापरून पाहिला. भारी प्रकार आहे, पण कथेत मिनिटभर चालला की कान शिणतात.

खरी कसोटी रायझर कुठे तोडायचा याची. जुन्या वाड्याच्या जिन्यावर कुणीतरी थांबतं आणि विचारतं, “कोण आहे?” रायझर या वाक्यापर्यंत न्यायचा नाही. त्याआधीच्या श्वासावर तोडायचा, अर्धा सेकंद काहीच ठेवायचं नाही, मग वाक्य. भीती त्या अर्ध्या सेकंदात बसते.

माहितीपटात खऱ्या माणसाच्या मुलाखतीखाली मी रायझर घालत नाही. पीक गेल्याचं सांगणाऱ्या शेतकऱ्याच्या बोलण्याखाली तो टाकला, तर त्याच्याबद्दल काय वाटावं हे आपणच ठरवून टाकतो. तिथे मोकळा आवाजच हवा.

नव्याने करणाऱ्यांसाठी दोन गोष्टी. रायझरमधला 1 ते 4 किलोहर्ट्झचा पट्टा थोडा खाली घ्या, म्हणजे निवेदनातले शब्द दबणार नाहीत. आणि अंतिम मिक्स मोबाइलच्या स्पीकरवर ऐकाच. तिथे खालचा षड्ज जवळजवळ गायब होतो आणि झांज एकटी वर येते, म्हणून मी वरच्या सप्तकातला षड्जही हलका मिसळतो.