पाळी गेल्यावरचा कोरडेपणा: जेल की इस्ट्रोजेन क्रीम?

पाळी गेल्यावर अंगातून येणाऱ्या गरम वाफा बहुतेकींच्या काही वर्षांत ओसरतात. योनीचा कोरडेपणा मात्र सहसा आपणहून जात नाही. संबंधाच्या वेळी आग होते, मग टाळाटाळ, आणि ‘आता या वयात काय’ म्हणून विषयच मिटतो.

जेल, म्हणजे संबंधाच्या वेळी लावायचं वंगण, सोपं. चिठ्ठी लागत नाही, आयत्या वेळी लावायचं. पाण्याचं लवकर सुकतं, सिलिकॉनचं जास्त टिकतं. (तेल नको, निदान कंडोम असेल तर; लेटेक्स फाटतं.) पण घर्षण तेवढं कमी होतं, पातळ झालेली त्वचा तशीच राहते.

इस्ट्रोजेन म्हणजे पाळी गेल्यावर कमी होणारं स्त्रियांचं संप्रेरक (हार्मोन); त्याची योनीत लावायची क्रीम त्या त्वचेवरच काम करते. साधारण २ आठवडे रोज रात्री, पुढे आठवड्यातून दोनदा, डॉक्टर सांगतील तसं. फरक जाणवायला काही आठवडे जातात, आणि नेमकी तेव्हाच ट्यूब कपाटात जाऊन पडते. लघवीचा जंतुसंसर्ग वारंवार होत असेल तर मी क्रीमकडेच झुकेन. जेलचा तिथे उपयोग नाही. स्तनाचा कर्करोग होऊन गेला असेल तर आधी कर्करोगतज्ज्ञांना विचारा.

दोन्ही वापरता येतात, फक्त संबंधाच्या ऐन आधी क्रीम नको. आणि पाळी गेल्यावर थेंबभर रक्त दिसलं तरी आधी तपासणी.