अंगणातला स्विमिंग पूल: खणायचा की ठेवायचा, आणि कुंपण कोणतं?

ठाण्यात घोडबंदरला बंगला असो की नवी मुंबईत नेरूळला रो-हाऊस, घरात लहान मूल असेल तर पुलाच्या आधी कुंपणाची जागा ठरवा.

खणून बांधायच्या पुलाला परवानगी लागतेच. राज्याच्या १९६६ च्या नगररचना कायद्यात जमिनीवरचं, जमिनीतलं आणि जमिनीखालचं कामही ‘विकास’ धरलं जातं. कलम ४४ खाली अर्ज करायचा. न विचारता खणलं तर कलम ५३ ची, म्हणजे केलेलं काम काढून टाकायची, नोटीस येऊ शकते. ठाणे आणि नवी मुंबई दोन्हीकडे राज्याची २०२० ची एकत्रित बांधकाम नियमावलीच चालते. फरक जमिनीचा. नवी मुंबईत बहुतेक प्लॉट सिडकोच्या भाडेपट्ट्यावर, म्हणून करारातल्या अटी आधी वाचा. ठाण्यातल्या येऊरला संजय गांधी नॅशनल पार्कचं पर्यावरण संवेदनशील क्षेत्र आड येतं.

जमिनीवर नुसता ठेवायच्या तयार पुलाला खोदकाम नाही, पावसाळ्यात तो गुंडाळता येतो. मात्र गच्चीवर नको. दोन फूट पाणी म्हणजे चौरस मीटरला सुमारे ६०० किलो, आणि गच्चीचा स्लॅब साधारण १५० किलो धरून डिझाइन करतात.

आता कुंपण. ऑस्ट्रेलियाचं माप मला सगळ्यात पटतं: उंची किमान १२०० मिमी, फट १०० मिमीहून जास्त नाही, गेट पुलापासून बाहेरच्या बाजूला उघडणारं आणि आपोआप बंद होणारं. आपल्याकडे तीन बाजूंना कंपाउंड आणि चौथीला घराची भिंत, एवढ्यावर भागवतात. हॉलचं सरकतं दार उघडं राहिलं की मूल थेट पाण्याशी. कुंपण घर आणि पूल यांच्या मधे हवंच.

टफन्ड काच महाग आणि बोअरच्या पाण्याचे डाग धरते, पण पाय ठेवायला जागा नाही आणि स्वयंपाकघरातून पूल दिसतो. काढता येणारी जाळी स्वस्त, पण पाहुणे आले की काढतात आणि ती भिंतीला टेकून राहते. आडव्या पट्ट्यांचं ग्रिल सध्या फॅशनमध्ये आहे. फॅब्रिकेटरने कितीही आग्रह केला तरी घेऊ नका, मुलाला ती आयती शिडी. खाडीच्या खाऱ्या हवेत बिजागरीची स्प्रिंग गंजते, म्हणून ३१६ ग्रेडचं, म्हणजे खाऱ्या हवेत कमी गंजणारं, स्टेनलेस स्टील मागा. गेट वीतभर उघडून सोडा. कडी आपली आपण लागली तरच पैसे द्या.

फ्रान्समध्ये २००३ च्या कायद्याने कुंपणाऐवजी अलार्म किंवा कव्हरही चालतं. मला तेवढं पुरेसं वाटत नाही. कव्हर रोज ओढायचं ते माणसानेच.

चारही बाजूंना कुंपण बसत नसेल तर खणू नका. छोटा तयार पूल घ्या, पोहून झालं की लगेच रिकामा करा.