नवा फोन नको झालाय: परत द्यायचा, बदलून घ्यायचा का विकून टाकायचा?

पहिलं एक ठरवा, फोन बिघडलाय का नुसता आवडला नाहीये. सोलापूरच्या नवी पेठेत काउंटरवर जी हुज्जत चालते ती बऱ्याचदा इथंच अडकते, गिऱ्हाईक एका दमात बोलून टाकतं की हँग होतोय, गरम होतोय आणि कॅमेरा पण काय खास नाही, आणि दुकानदार त्यातलं फक्त "खास नाही" तेवढंच ऐकतो. मग विषय संपला. दोन्हीचे रस्ते वेगळे आहेत आणि पैशाचा फरक तर लई मोठा आहे.

नुसता आवडला नाही असेल तर

इथं हक्क वगैरे विसरा. फोन चांगला चालतोय तर मन बदललं म्हणून दुकानदारानं पैसे परत द्यावेत अशी कायद्यात सक्ती नाही, तो देईल तो त्याच्या मर्जीनं नाहीतर ओळखीवर. त्याची बाजू पण बघा, सील फोडून सिम टाकून नेट चालू केलं की फोन ॲक्टिवेट होतो, वॉरंटीचे दिवस मोजायला सुरुवात होते आणि तो पीस नवा म्हणून दुसऱ्याला विकता येत नाही. वर १८ टक्के जीएसटीचं बिल फाडलेलं. म्हणून चार दिवसांचा फोन पण तो सेकंडहँडच्या भावात धरतो.

मग राहिले दोन पर्याय. समजा फोन २२ हजारांचा आहे. दुकानदार म्हणाला १७ ला धरतो, तुम्हाला पाहिजे ते मॉडेल २६ चं, म्हणजे वरून ९ द्या आणि मोकळे व्हा, पाच हजार गेले पण काम तिथल्या तिथं झालं. बाहेर तोच फोन बिल आणि बॉक्ससकट १९ ला जाऊ शकतो, पण त्यासाठी माणसं घरी येणार, तासभर फोन उलटापालटा करून बघणार आणि शेवटी १६ म्हणणार. ऑनलाइन जुने फोन घेणाऱ्यांचं पण तेच, ॲपवर आकडा मोठा दिसतो आणि घरी येऊन तपासलं की खाली येतो. आणि कुणी "क्यूआर पाठवतो, स्कॅन करा, पैसे येतील" म्हणाला तर कॉल कट करा, पैसे घ्यायला स्कॅन पण लागत नाही आणि पिन पण लागत नाही.

माझं मत विचाराल तर फरक हजार-दीड हजाराचा असेल तर दुकानातच बदला, डोक्याला ताप नको. तीन-चार हजाराचा असेल तर आधी भावकीत नाहीतर ऑफिसच्या ग्रुपवर टाका, ओळखीतला माणूस भाव पण बरा देतो आणि बिल तुमच्या नावावर असलं तरी शंका घेत बसत नाही.

फोन घेताना जुना एक्स्चेंजला दिला असेल तर तो मात्र गेला म्हणूनच धरा. दुकानातून तो लगेच पुढं जातो, नवा परत घ्यायला दुकानदार तयार झाला तरी जुन्याची फक्त धरलेली किंमत मिळणार.

बिघडलेला निघाला असेल तर

इथं चित्र उलटं आहे. ग्राहक संरक्षण कायदा २०१९ प्रमाणे सदोष माल परत घ्यायला नकार देणं ही अनुचित व्यापार पद्धत धरतात, बिलावर मुदत लिहिली असेल तर ती, नसेल तर ३० दिवस. बिलाच्या खाली "विकलेला माल परत घेतला जाणार नाही" छापलंय म्हणून सदोष पीसची जबाबदारी झटकता येत नाही.

पण व्यवहारात पैसे परत मिळणं अवघडच, बहुतेक वेळा मिळतो तो बदली पीस. त्याचा रस्ता डीओएचा, म्हणजे फोन सुरुवातीपासूनच खराब होता असा दाखला. दुकानदार "सर्व्हिस सेंटरला जावा" म्हणतो तेव्हा तो टाळतोय असं आपल्याला वाटतं, कधी टाळतही असतो, पण हा दाखला बहुतेक कंपन्यांत सर्व्हिस सेंटरच देतं आणि त्यावर दुकानदाराला कंपनीकडून पीस बदलून मिळतो. याची मुदत कंपनीगणिक वेगळी आणि छोटी असते, म्हणून बघू पुढच्या रविवारी असं करू नका. जॉबशीट म्हणजे फोन जमा केल्याची सेंटरची पावती घ्या, त्यावर तुमची तक्रार तुमच्या शब्दांत लिहायला लावा, आणि दाखल्याचा निर्णय व्हायच्या आधी फोन खोलू देऊ नका, एकदा रिपेअर झाला की बदलीचा मुद्दा ढिला पडतो.

बदली पीस का रिपेअर, तर पहिल्या आठवड्यात बदलीवरच अडून बसा. आणि बिघडलेला फोन घट सोसून एक्स्चेंज करायला सांगत असतील तर अजिबात नको, दोष त्यांच्या मालात आणि पाच हजार तुमचे, हे कसलं गणित!

गरम होण्याची तक्रार एप्रिल-मेमध्ये मात्र जपून करा. सोलापुरात पारा ४२-४३ ला असतो आणि ॲपलसारखी कंपनी सुद्धा आयफोन वापरायला ० ते ३५ डिग्री हवा सांगते, म्हणजे दुपारी सात रस्ता चौकात बाइकला फोन लावून मॅप चालवला तर कुठलाही तापणार. संध्याकाळी पंख्याखाली, चार्जिंगला न लावता, नुसता कॉलवर तापत असेल तर व्हिडिओ काढा, तो पुरावा चालतो.

दुकान आणि कंपनी दोघं पण हात वर करत असतील तर आधी १९१५ ला तक्रार नोंदवा, राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आहे, फुकट आहे. त्यानं नाही झालं तर जिल्हा ग्राहक आयोग, ५ लाखापर्यंतच्या खरेदीला फी नाही, वकील सक्तीचा नाही, मुदत २ वर्षं. आणि पोरानं पुण्यातून फोन घेऊन पाठवला असेल तरी तुम्ही राहता तिथं म्हणजे सोलापुरातच केस टाकता येते, फक्त बिल तुमच्या नावावर पाहिजे म्हणजे वाद राहत नाही. कायद्यात ३ महिन्यांत निकाल असं म्हटलंय, तपासणी लागली तर ५, पण प्रत्यक्षात जास्त लागू शकतात. दहा-बारा हजाराच्या फोनसाठी एवढं करायचं का हे तुमच्या जिद्दीवर.

हप्त्यावर घेतला असेल तर

फोन परत दिला म्हणून हप्ता आपोआप थांबत नाही. दुकानातून फायनान्सवाल्याकडं रद्द केल्याची नोंद गेली पाहिजे आणि त्याचा मेसेज तुमच्याकडं आला पाहिजे, तोवर खात्यात पैसे ठेवा नाहीतर बाउन्सचा दंड वेगळा. प्रोसेसिंग फी बहुतेक गेलीच समजा. बदली पीस मिळाला तर आयएमईआय म्हणजे फोनचा ओळख नंबर बदलतो, स्टार हॅश शून्य सहा हॅश दाबून नंबर बघा आणि बिल, फायनान्स, स्क्रीनचा विमा काढला असेल तर तो, सगळीकडं नवा नंबर चढवून घ्या.

अजून घेतलाच नसेल तर ऑनलाइनला बऱ्याच फोनवर सात दिवसांची बदली असते पण ती पण दोष निघाला तरच, नावडीला तिथं पण काही नाही. नवी पेठेत निदान पैसे द्यायच्या आधी बोलता तरी येतं, आठ दिवसांत मॉडेल बदललं तर किती घट धरणार ते विचारा आणि मालकाला बिलाच्या मागं पेननं आकडा लिहून सही करायला सांगा. लिहायला नाही म्हणाला तर शेजारचं दुकान आहेच की.