गीझरचा एक स्टार कापला, बाकी काकांसाठी पाचही कमीच

मालवणात तारकर्ली रोडला काका-काकींच्या ह्या घरगुती मुक्कामात डिसेंबरमध्ये तीन रात्री राहिलो, ऑडिटच्या कामासाठी गेलेलो त्यामुळे बीच वगैरे काय बघितला नाही. रूम साध्या पण स्वच्छ. गीझर मात्र नावालाच, दोन सकाळी काकींनी चुलीवरचं पाणी बादलीने आणून दिलं. यूपीआयच्या भरवशावर जाऊ नका, रेंज फक्त अंगणात माडाखाली येते.

जेवण म्हणजे विषयच नाही. पहिला दिवस गुरुवार म्हणून मासे नव्हते, मी मनात थोडा नाराज, आणि मग काळ्या वाटाण्याचं सांबारं आणि गरम आंबोळ्या आल्या, सहा खाल्ल्या. दुसऱ्या दिवशी सुरमई, तिसऱ्यांचं (शिंपल्यांचं) सुकं. सोलकढीला नारळाचं दूध तिथेच काढतात, पाट्यावरचा आवाज येतो आतून.

पण खरं लिहायचंय ते वेगळंच. शनिवारी रात्री घरून फोन आला, पप्पांचे ब्लॉकेज निघाले, गुरुवारी बायपास. जेवण तसंच राहिलं. काकांनी विचारलं, सांगितलं. मला वाटलं आता म्हणतील "देव बरं करेल", आपण सगळेच म्हणतो. काका म्हणाले, "सोमवारपर्यंत आमका सुतक आसा रे, तवसर देवळात जावक जमाचा नाय. ऑपरेशन बेस्तरवारी ना? मगे बुधवारी सकाळी गाऱ्हाणा घालतंय. बापाशीचा नाव काय?" (गाऱ्हाणं म्हणजे देवाला साकडं.) आणि भिंतीवरच्या कालनिर्णयवर बुधवारच्या चौकोनात पेन्सिलीने पप्पांचं नाव लिहिलं, खाली 'नारळ, विडो'. त्याच पानावर आधीच दोन-तीन नावं होती, एकापुढे बरोबरची खूण.

माणूस जमणार नाही ते आधी सांगतो आणि मग जमेल तो दिवस सांगतो, हे मी पहिल्यांदाच बघितलं. तोपर्यंत फॅमिली ग्रुपवर हात जोडलेल्या इमोजींची रांग लागलेली, त्यात वाईट काय नाही, मी पण टाकतोच की. ऑक्टोबरमध्ये ऑफिसमधल्या एकाची मुलगी आयसीयूत होती, त्याला मी "रोज प्रार्थना करतो रे" म्हटलेलं. एकदाही केली नाही. काकांनी नाव विचारलं तेव्हा लक्षात आलं की त्या मुलीचं नावच मी कधी विचारलं नव्हतं.

खरं सांगतो, मुंबईत आल्यावर धावपळीत काकांना विसरलोच होतो. बुधवारी सकाळी साडेसातला फोन, हॉस्पिटलच्या कॉरिडॉरमध्ये होतो. "देवळात आसंय, आयक." मग फोन बहुतेक पायरीवर ठेवला असावा, लांबून आवाज आला, "बा देवा म्हाराजा..." मग पप्पांचं नाव, पूर्ण, मग "उद्या सकाळी ह्येचा ऑपरेशन आसा, काय वाकडा-नाकडा आसात ता दूर कर रे म्हाराजा!" आणि मागून चार-पाच जणांचा एकदम "व्हय म्हाराजा!" मी पण हळूच म्हटलं, बाकावरच्या आजी बघायला लागल्या.

ऑपरेशन नीट झालं, ते डॉक्टरांनी केलं, त्याबद्दल वाद नको. पण पुढच्या आठवड्यात लक्झरीच्या ड्रायव्हरकडे पिशवी आली, त्यात प्रसादाचं खोबरं, आमसुलं, आणि काकींची चिठ्ठी, पप्पांना खोबरं चालत नसेल तर नुसतं कपाळाला लावा म्हणून. पप्पांनी आधी लावलं आणि मग गुपचूप एक तुकडा खाल्ला.

ऑफिसातल्या त्या मित्राला फोन केला नंतर. मुलगी बरी आहे, शाळेत जायला लागली. नाव विचारून घेतलं.

बुकिंग फोनवरूनच होतं, दुपारी एक ते चार करू नका, काका झोपलेले असतात. मागची रूम घ्या, पुढच्या रूममध्ये रोडचा आवाज येतो. काकांना काही सांगणार असाल तर नाव आणि तारीख माहीत असू द्या, ते विचारतातच.