पत्नीची जन्मतारीख, पार्ट टू ऑर्डर आणि स्पर्श: सैनिकी नोंदी दुरुस्त करण्याचा काही महिन्यांचा अनुभव

स्पर्श म्हणजे संरक्षण खात्याचं ऑनलाइन पेन्शन पोर्टल. त्यावर लॉगिन कसं करायचं, हयातीचा दाखला कुठे चढवायचा हे इथे पुन्हा सांगत नाही. ज्यांची पेन्शन बँकेच्या सीपीपीसीकडून (केंद्रीय पेन्शन प्रक्रिया केंद्राकडून) स्पर्शवर आली, त्यांनी ते केव्हाच पार पाडलंय. हा अनुभव एकाच कामाचा आहे: नोंदीतली चूक दुरुस्त करून घेणं. त्यातही एका रकान्याबद्दल बाकी सगळ्यापेक्षा जास्त लिहिणार आहे, कारण नुकसान तिथे मोठं आणि लक्ष सगळ्यात कमी. तो रकाना म्हणजे पत्नीची जन्मतारीख.

बहुतेक माजी सैनिक पोर्टल उघडून स्वतःचं नाव, रँक आणि दरमहा जमा होणारी रक्कम पाहतात. बरोबर दिसलं की बंद करतात. पत्नीच्या नावापुढचा रकाना रिकामा आहे की तिथे भलतीच तारीख आहे, हे कोणी बघत नाही, कारण सैनिक हयात असेपर्यंत त्या रकान्यामुळे एका रुपयाचाही फरक पडत नाही. फरक पडतो तो नंतर. फॅमिली पेन्शनधारकाला वयाची 80 वर्षं पूर्ण झाल्यावर मूळ पेन्शनच्या 20 टक्के जादा मिळतात, 85 ला 30, 90 ला 40, 95 ला 50 आणि 100 ला 100 टक्के. ही वाढ नोंदीतल्या जन्मतारखेवरून ठरते. तारीखच नसेल तर वाढ लावायची कशावर?

हिशोब करून पाहा. किमान फॅमिली पेन्शन 9,000 रुपये धरली तर 20 टक्के म्हणजे महिन्याला 1,800, वर्षाला 21,600, आणि त्यावर महागाई भत्ता वेगळा. नोंदीत वय पाच वर्षांनी कमी लागलं असेल, तर भत्ता सोडूनही 1,08,000 रुपये उशिरा मिळतात किंवा मिळतच नाहीत. ऐंशी वर्षांच्या बाईने एकटीने त्यासाठी कागद गोळा करायचे, अर्ज करायचे आणि पाठपुरावा करायचा, हे मला अजिबात मान्य नाही. नवरा हयात असताना, त्याच्या सहीने हे काम बऱ्याच सोप्या रीतीने होतं. म्हणून ते आत्ताच करा.

अनेक जुन्या पीपीओंवर (पेन्शन पेमेंट ऑर्डर, म्हणजे पेन्शन मंजुरीचा आदेश) पत्नीची जन्मतारीख छापलेलीच नाही. जिथे आहे तिथे महाराष्ट्रातल्या घरांत आणखी एक अडचण येते. शाळेत घातलेल्या पिढीची तारीख 1 जून, आणि शाळेत न गेलेल्यांच्या आधारवर कुठे नुसतं वर्ष, कुठे 1 जानेवारी. लग्नाच्या वेळी युनिटमधल्या क्लार्कने विचारलं तेव्हा नवऱ्याने अंदाजाने सांगितलेली तारीख तिसरीच. यातली खरी कोणती, याच्या आधी सगळीकडे एकच कोणती ठेवायची, हे घरात बसून ठरवा. आधारमध्ये जन्मतारीख साधारणपणे एकदाच बदलता येते, म्हणून तिथे घाईने हात घालू नका. पॅन, आधार आणि असल्यास शाळेचा दाखला आधी जुळतात का ते पाहा आणि मगच सैन्याच्या रेकॉर्ड ऑफिसकडे वळा.

आता मूळ मुद्दा. अर्ज परत येण्याचं सगळ्यात मोठं कारण म्हणजे चूक एका थरात आणि अर्ज दुसऱ्या थरात. नोंदींचे तीन थर आहेत. सगळ्यात खाली रेकॉर्ड ऑफिस: शीट रोल (सेवेची नोंद), किंड्रेड रोल (कुटुंबीयांची नोंद) आणि वेळोवेळी निघालेल्या पार्ट टू ऑर्डर, म्हणजे लग्नासारखे बदल नोंदवणारे लेखी आदेश. त्यावर पीपीओ, जो भूदलाच्या बाबतीत प्रयागराजचं पीसीडीए पेन्शन (संरक्षण लेखा खात्याचं पेन्शन कार्यालय) काढतं. सगळ्यात वर स्पर्शवरची माहिती, जी जुन्या पीपीओ आणि बँकेच्या नोंदींवरून चढवली गेली. रेकॉर्डमध्ये बरोबर आणि पीपीओतही बरोबर, पण स्पर्शवर चूक, असं असेल तर काम सोपं: मूळ पीपीओची स्वच्छ प्रत जोडून पोर्टलवरच तक्रार टाका. पण चूक रेकॉर्डमध्येच असेल, तर पोर्टलवर दहा तक्रारी टाकल्या तरी उत्तर एकच येणार: रेकॉर्ड ऑफिसशी संपर्क साधा. ते उत्तर टोलवाटोलवीचं वाटतं, पण नियमाने बरोबर आहे. वरच्या थराला खालचा थर बदलण्याचा अधिकारच नाही.

म्हणून पहिलं काम कागदावर एक तक्ता आखायचं. आडव्या ओळीत डिस्चार्ज बुक, मूळ पीपीओ, नंतरचे सगळे कॉर पीपीओ (दुरुस्तीचे पीपीओ), स्पर्शवरचा ई-पीपीओ, आधार, पॅन. उभ्या रकान्यात स्वतःचं नाव, पत्नीचं नाव, दोघांच्या जन्मतारखा, भरती आणि डिस्चार्जची तारीख, रँक, ग्रुप (कामाच्या प्रकारानुसार ठरलेला वेतनगट), क्वालिफाइंग सर्व्हिस (पेन्शनसाठी धरली जाणारी सेवा), कम्युटेशनची (पेन्शनचा काही भाग आगाऊ एकरकमी घेण्याची) रक्कम आणि तारीख. इंग्रजी स्पेलिंग अक्षर न अक्षर, मधल्या जागेसकट उतरवा. 'शांताबाई' एकत्र लिहिलंय की 'शांता' आणि 'बाई' वेगळं, पवारमध्ये डब्ल्यू आहे की व्ही, आडनाव आधी की शेवटी, पत्नीच्या नावात मधे वडिलांचं नाव राहिलंय की नवऱ्याचं आलंय. माणसाला हे सगळं एकच दिसतं. संगणकाला ती चार वेगळ्या बायकांची नावं वाटतात, आणि आधारशी पडताळणी तिथेच अडकते.

रेकॉर्ड ऑफिसला अर्ज करताना पत्ता बरोबर हवा. मराठा लाइट इन्फंट्रीचं बेळगावला, बॉम्बे सॅपर्सचं खडकीला, तोफखान्याचं नाशिक रोड कॅम्पला, महार रेजिमेंटचं सागरला, ब्रिगेड ऑफ द गार्ड्सचं कामठीला, सिग्नल्सचं जबलपूरला, ईएमईचं सिकंदराबादला. नौसैनिकांची नोंद मानखुर्दच्या ब्युरो ऑफ सेलर्सकडे, वायुसैनिकांची दिल्लीत सुब्रोतो पार्कला. नंतर डीएससीत (डिफेन्स सिक्युरिटी कोअरमध्ये) गेलेल्यांची दुसऱ्या सेवेची नोंद कन्नूरला वेगळी असते. एका ठिकाणची दुरुस्ती दुसरीकडे आपोआप पोचेल असं धरून चालू नका, दोन्हीकडे अर्ज द्या.

सैनिकी नंबर लिहिताना शेवटचं अक्षर गाळू नका. जेसीओ (ज्युनियर कमिशन्ड ऑफिसर) होऊन निवृत्त झालेल्यांनी जेसी नंबरबरोबर जुना शिपाई नंबरही लिहावा. लग्नाची पार्ट टू ऑर्डर बहुधा जुन्या नंबरावर निघालेली असते, आणि नुसत्या जेसी नंबरावर शोधणाऱ्याला ती सापडत नाही.

सोबत डिस्चार्ज बुकच्या संबंधित पानांच्या प्रती, पीपीओ, दोघांचे आधार आणि पॅन, जोडीचा फोटो, जन्मतारखेचा पुरावा आणि प्रतिज्ञापत्र जोडा. अर्जावर जिल्हा सैनिक कल्याण अधिकाऱ्याची सही-शिक्का घ्या. प्रतिज्ञापत्रात 'नावात किरकोळ फरक आहे' असं मोघम लिहिलं की ते परत येतं. कोणत्या कागदावर नेमकं कोणतं स्पेलिंग आहे ते एकेक करून लिहा, ती सगळी नावं एकाच व्यक्तीची आहेत असं नमूद करा आणि पुढे कोणतं नाव ठेवायचं ते शेवटी स्पष्ट लिहा. रेकॉर्ड ऑफिस अनेकदा मॅजिस्ट्रेटसमोरचं प्रतिज्ञापत्र मागतं. नोटरीचे पैसे भरण्याआधी फोन करून खात्री करा, नाहीतर खर्च दोनदा होतो. पाकीट स्पीड पोस्टानेच पाठवा आणि ट्रॅकिंगची पावती फाइलला लावा. 2025 मध्ये रजिस्टर्ड पोस्ट स्पीड पोस्टातच सामावलं गेलंय.

भरतीच्या वेळचा जिल्हा आणि आजचा जिल्हा वेगळा दिसला म्हणून घाबरू नका. 1981 आधी भरती झालेल्या सावंतवाडीच्या माणसाचा जिल्हा रत्नागिरीच लागणार, आणि वाशीमच्या माणसाचा 1998 आधी अकोलाच. ती चूक नाही. सध्याचा पत्ता अद्ययावत केला की पुरे.

स्वतःच्या जन्मतारखेबद्दल मात्र स्पष्ट सांगतो: भरतीच्या वेळी लागलेली तारीख निवृत्तीनंतर बदलेल ही आशा ठेवू नका. जनरल व्ही. के. सिंग लष्करप्रमुख असताना त्यांची तारीख एका शाखेत 10 मे 1951 आणि दुसऱ्या शाखेत 10 मे 1950 होती. फेब्रुवारी 2012 मध्ये सर्वोच्च न्यायालयातून त्यांना याचिका मागे घ्यावी लागली आणि 1950 कायम राहिलं. आधारवर वेगळी तारीख असेल तर रेकॉर्डच्या मागे लागण्यापेक्षा आधारच डिस्चार्ज बुकशी जुळवून घ्या.

पोर्टलबद्दलचं माझं मत मधल्या काळात बदललं. सुरुवातीला तो टपालावर लादलेला आणखी एक थर वाटत होता, आणि तेव्हा हे टिपण लिहायला घेतलं असतं तर तसंच लिहिलं असतं. आता तसं वाटत नाही. जुन्या पद्धतीत कॉर पीपीओ निघाला की नाही, निघाला तर बँकेत पोचला की नाही, हे कळायला शाखा, सीपीपीसी आणि रेकॉर्ड अशा तीन ठिकाणी विचारावं लागायचं. आता तक्रारीला क्रमांक मिळतो, तारीख राहते आणि सुधारित ई-पीपीओ घरबसल्या उतरवता येतो. वाचायला आणि तपासायला पोर्टल खरंच चांगलं आहे. मूळ नोंद बदलण्याचं काम मात्र अजून कागद, टपाल आणि पार्ट टू ऑर्डर यांवरच चालतं. हे आधीच समजून घेतलं की निम्मी चिडचिड कमी होते.

पार्ट टू ऑर्डर निघाली म्हणजे काम संपलं, असं समजून अनेकजण तिथेच थांबतात. त्या ऑर्डरने फक्त रेकॉर्ड बदललं. पीपीओ बदलायला रेकॉर्डने पुढे पेन्शन मंजूर करणाऱ्या कार्यालयाकडे प्रकरण पाठवावं लागतं आणि तिथून नवा ई-पीपीओ निघावा लागतो. म्हणून ऑर्डरचा क्रमांक आणि तारीख मागून घ्या, प्रत घ्या, आणि 'कॉर पीपीओसाठी प्रकरण कधी पाठवलं' हा प्रश्न वेगळ्या पत्राने विचारा.

उत्तरच येत नसेल तर माहितीचा अधिकार वापरा. फी 10 रुपये, उत्तराची मुदत 30 दिवस. 'माझं प्रकरण कुठे आहे' असं विचारू नका, त्याला गुळमुळीत उत्तर येतं. शीट रोल, किंड्रेड रोल आणि लग्नाच्या पार्ट टू ऑर्डरची प्रमाणित प्रत मागा. कागद मागितला की कागद द्यावा लागतो. नावाची दुरुस्ती करून देतो म्हणून हजारो रुपये मागणाऱ्या एजंटाला एक पैसाही देऊ नका. त्याच्याकडे तुमच्यापेक्षा जास्त अधिकार नाही, आणि ओटीपी हातात गेला की बँक खातंही त्याच्या हातात जातं.

क्वालिफाइंग सर्व्हिसबद्दल थोडक्यात, पण काळजीपूर्वक. तीन महिने किंवा जास्त सेवा असेल तर अर्धं वर्ष धरतात, नऊ महिने किंवा जास्त असेल तर पूर्ण वर्ष. म्हणजे 16 वर्षं 2 महिने 27 दिवस असतील तर 16 धरणार, आणि आणखी तीन-चार दिवस मिळाले तर साडेसोळा. ओआरओपीचे (वन रँक वन पेन्शनचे) तक्ते रँक, ग्रुप आणि सेवेच्या अर्ध्या-अर्ध्या वर्षांवर आहेत, त्यामुळे ही एक चूक 1 जुलै 2014, 2019 आणि 2024 अशा तिन्ही वेळच्या सुधारणांत पुढे सरकत आलेली असते. नॉन-क्वालिफाइंग म्हणून किती दिवस वजा केलेत आणि कोणत्या कारणाने, ते शीट रोलवरून मोजा. गैरहजेरीचे दिवस दोनदा वजा झालेत का, हे खास तपासा. अशा प्रकरणात लेखी नकार आला, तर सशस्त्र सेना न्यायाधिकरणाचं मुंबई खंडपीठ आहे, पण अंतिम आदेशापासून सहा महिन्यांची मुदत आहे. नकाराचं पत्र आलं की लिफाफ्यासकट जपा.

कम्युट केलेला पेन्शनचा भाग 15 वर्षांनी पुन्हा सुरू होतो. स्पर्शवर त्याची तारीख रिकामी किंवा चुकीची असेल तर कपात चालूच राहते, किंवा उलट पूर्ण पेन्शन आधी मिळून नंतर वसुली लागते. त्या वर्षीचं पासबुक फेकून देऊ नका, तोच पुरावा.

नवा ई-पीपीओ हातात आला की पत्नीच्या नावाचा आणि जन्मतारखेचा रकाना मोठा करून वाचा आणि तक्त्याशी अक्षर न अक्षर ताडा. मग ईसीएचएस (माजी सैनिकांची आरोग्य योजना) कार्डासाठी वेगळा अर्ज द्या, ते आपोआप बदलत नाही. बँकेतलं जोडखातंही त्याच नावाने करून घ्या. ई-पीपीओच्या दोन छापील प्रती काढून एक पत्नीच्या हातात द्या, आणि तिच्या मोबाइलवर ओटीपी येतो का हे तिच्याच समोर एकदा करून बघा.