सेल्की आणि केल्पी: स्कॉटलंडच्या दोन जलयोनी
स्कॉटलंडच्या लोककथांतील सेल्की आणि केल्पी या दोन्ही पाण्यात राहणाऱ्या, रूप बदलणाऱ्या अद्भुत योनी असल्या, तरी त्यांचे स्वभाव परस्परविरुद्ध आहेत. ऑर्कनी व शेटलंड बेटांवरच्या कथांतील सेल्की समुद्रात सील या सागरी प्राण्याच्या रूपात वावरते आणि किनाऱ्यावर कातडी उतरवून मनुष्यरूप घेते. ती कातडी एखाद्या पुरुषाने लपवली, तर तिला त्याची पत्नी होऊन राहावे लागते. मुलेबाळे होतात, संसार रुळतो, परंतु कातडी हाती लागताच ती समुद्राकडे परतते. येथे अन्याय माणूस करतो आणि म्हणूनच ही कथा मला अधिक सखोल वाटते.

केल्पीच्या कथांत मात्र माणूसच सावज असतो. नदीकाठी किंवा सरोवराकाठी ती देखण्या घोड्याच्या रूपात उभी राहते. पाठीवर बसलेली मुले तिच्या अंगाला चिकटतात आणि ती त्यांना खोल पाण्यात ओढून नेते. मुलांना धोकादायक पाण्यापासून दूर ठेवण्याचे काम अशा कथांनी नक्कीच केले असावे. तिचा लगाम ज्याच्या हाती येतो, त्याला मात्र तिच्याकडून जड कामे करवून घेता येतात. स्कॉटलंडमधील फॉल्कर्क येथे २०१३ मध्ये पूर्ण झालेल्या, सुमारे ३० मीटर उंचीच्या दोन पोलादी अश्वशिरांना तिचेच नाव दिलेले आहे.