सुरत की पुणे? दोंडाईचा स्टेशनवर उभं राहून

आखाजीला, म्हणजे अक्षय्यतृतीयेला, गावी गेलो की हा प्रश्न कुणी ना कुणी विचारतोच. यंदा भाच्याने विचारला. आयटीआय फिटर झालाय, लग्न ठरत आलंय, वाट्याला येईल तेवढ्या शेतात दोन माणसांचं भागणार नाही. "मामा, सुरतले जाऊ का पुनाले?"

मी सुरतेत अकरा वर्षं आहे, कापड मार्केटमध्ये हिशेब लिहितो. तिथे त्याला मेहताजी म्हणतात. मावसभाऊ तेवढीच वर्षं भोसरीत, वर्कशॉपमध्ये. आम्ही दोघं भेटलो की आपापल्या शहराची वकिली करतो, आणि दोघांच्या बायका एकमेकींना खरं काय ते सांगतात. खाली लिहितोय ते बरंचसं त्या दोघींचं आहे.

आधी अंतर. दोंडाईच्याहून उधना, म्हणजे सुरतेचं अलीकडचं स्टेशन, चार-पाच तास. सकाळी तेराव्याला निघून रात्री परत येणारी माणसं मी पाहिली आहेत. पुण्याला धुळे-नाशिकवरून रात्रभर बस. म्हातारे आईवडील गावी असतील तर हा एक मुद्दा बाकीच्या पाच मुद्द्यांना भारी पडतो. मावसभावाला हे मान्य आहे, म्हणून त्यावर आम्ही भांडत नाही.

सुरत सावरली म्हणजे नेमकं काय झालं

माझे वडील 1994 साली उधन्याला लूमच्या खात्यात, म्हणजे यंत्रमागाच्या कारखान्यात, होते. सप्टेंबरात प्लेग आला. तोंडाला रुमाल बांधून, मिळेल त्या गाडीत उभ्याने ते गावी पळून आले. लाखो लोक असेच पळाले. गावात पंधरा दिवस कुणी ओट्यावर बसायला आलं नाही. आजी ताट उंबऱ्याबाहेर सरकवायची. ते पुन्हा सुरतेला गेलेच नाहीत. मी जातो म्हणालो तेव्हा त्यांचा पहिला शब्द होता, "त्या उकिरड्यात?"

तो उकिरडा आता नाही, हे खरं आहे. 1995 मध्ये एस. आर. राव आयुक्त म्हणून आले आणि त्यांनी साहेब लोकांना रोज सकाळी गल्लीत उभं केलं. "एसी टू डीसी" म्हणायचे त्याला, म्हणजे एअर कंडिशनमधून डेली चोर्सकडे, रोजच्या कामांकडे. अतिक्रमणं पाडली, रस्ते रुंद केले, घाण करणाऱ्याला दंड लावला. महत्त्वाचं म्हणजे राव गेल्यावरही ती शिस्त टिकली. रात्री अकराला मार्केटमधून निघतो तेव्हा रिंगरोडवर झाडूवाले कामाला लागलेले असतात. 2023 च्या स्वच्छ सर्वेक्षणात इंदूरबरोबर सुरतेचा पहिला नंबर विभागून आला. सांडपाणी शुद्ध करून महापालिका ते पांडेसऱ्याच्या डाइंग मिलना विकते, हेही 2014 पासून चालू आहे.

आणि नदी? तापी आपलीच. मुलताईला उगम, भुसावळ, सारंगखेडा, प्रकाशा करत ती सुरतेला पोचते, म्हणजे आपण जातो त्याच दिशेने. सुरतेतल्या सिंगणपोरच्या बंधाऱ्याच्या वर ती बारमाही भरलेली असते आणि शहर तेच पाणी पितं. अकरा वर्षांत मला एकदाही टँकर मागवावा लागला नाही. पुण्याशी ताडून बघायचं तर हा मुद्दा आधी घ्या: पिंपरी-चिंचवडमध्ये 2019 च्या नोव्हेंबरपासून दिवसाआड पाणी आहे. मावसभावाच्या घरात ड्रम आहेत, पाहुणा जास्त दिवस राहिला की वहिनीची नजर ड्रमकडे जाते. त्यांच्या नद्या तीन, पवना, इंद्रायणी आणि मुळा. इंद्रायणीचा आळंदीतला पांढरा फेस वारकऱ्यांनी बघितलाच आहे. पुण्यातही मुळा-मुठेचा 44 किलोमीटरचा काठ सुधारायचं काम चालू आहे आणि त्यात झाडं किती जातील यावर लोक रस्त्यावर उतरले. पुणेकर निदान भांडतात. सुरतेत प्रकल्प जाहीर झाला की लोक आधी आजूबाजूच्या जमिनीचा भाव विचारतात.

पण तुम्ही कुठल्या काठाला राहणार?

माझं सगळं म्हणणं या एका प्रश्नात आहे. जे फोटो तुम्हाला मोबाइलवर येतात, रुंद रस्ते, केबलवरचा पूल, संध्याकाळी फिरायला आलेली कुटुंबं, ती अडाजण, पाल, वेसू, अठवालाइन्स. ते तापीकाठचं सुरत. खान्देशातून जाणारा माणूस तिथे राहत नाही. तो उतरतो उधन्याला आणि खोली घेतो लिंबायत, डिंडोली, नवागाम, पांडेसऱ्यात. हे खाडीकाठचं सुरत. मिठी खाडी, भेडवाड खाडी, कोयली खाडी. नाव खाडी, रूप नाल्याचं.

2006 च्या ऑगस्टमध्ये तापीवरच्या उकाई धरणातून नऊ लाख क्युसेकच्या आसपास पाणी सोडलं गेलं आणि बहुतेक शहर पाण्याखाली गेलं. अडाजण-रांदेरच्या लोकांनी पहिल्या मजल्यावर बसून दिवस काढले. तेव्हापासून सुरतेत ऑगस्ट आला की लोक शेअरच्या भावासारखी उकाईची पातळी बघतात. 345 फूट म्हणजे धरण पूर्ण भरलं. आमचे शेठ दुकानात आल्यावर आधी तेच विचारतात. तो पूर मोठा, पण क्वचित येणारा, आणि आता त्याची आधी खबर लागते.

खाडीचा पूर वेगळा. त्याला धरण लागत नाही, एका रात्रीचा पाऊस पुरतो. 2024 च्या जुलैत आला, 2025 च्या जूनमध्ये आला. जूनचा मी स्वतः भोगला. पहाटे साडेचारला बायकोने उठवलं, चप्पल खोलीत तरंगत होती. आम्ही आधी गादी उचलली, मग गॅस, मग मुलीची दहावीची पुस्तकं. पाणी गुडघ्याला लागून थांबलं. ते पाणी तापीचं नव्हतं. काळपट, तेलकट, डाइंगच्या वासाचं. फ्रीजचा कॉम्प्रेसर गेला, पीठ गेलं. घरमालकाने भाडं कमी केलं नाही. वरच्या मजल्यावरच्या ओडिया कारागिरांनी दोन दिवस आम्हा पाच जणांना भात खाऊ घातला, हेही लिहायला हवं.

आणि त्या खाडीत काय मिसळतं याचा अंदाज यावा म्हणून सांगतो: 2022 च्या जानेवारीत सुरतेजवळच्या सचिन जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत, टँकरमधून रसायन ओतताना वायू उठला आणि सहा कामगार गुदमरून गेले. 2024 च्या स्वच्छ वायू सर्वेक्षणात सुरत पहिली आली. बक्षीस खोटं आहे असं मी म्हणत नाही. ते शहराला मिळालंय, भेस्तानच्या गल्लीला नाही.

पुण्याला पूर नाही असं कुणी सांगेल तर ऐकू नका. 25 जुलै 2024 ला सिंहगड रोडवर एकतानगरीत गाड्या बुडाल्या. पण भोसरीत मावसभावाच्या घरात पाणी शिरलेलं नाही, हे त्याला मी दरवर्षी जूनमध्ये कबूल करतो.

काम

फिटर असाल, वेल्डर असाल, सीएनसी येत असेल तर पुणे. फार विचार करू नका. चाकण, भोसरी, तळेगाव हा पट्टा त्याच कामाचा आहे आणि हात बसला की एका कंपनीतून दुसरीत उडी मारता येते. सुरतेला हजिऱ्याच्या मोठ्या कारखान्यांत फिटर लागतात, पण बहुतेक ठेकेदारामार्फत. शटडाऊन असला की भरती, संपला की घरी. पुण्यात तरी कायम करतात का? नाही. ट्रेनी, मग कंत्राट, मग ब्रेक. पण पीएफचा नंबर असतो, स्लिप असते, त्यावर बँक कर्ज देते. लूमच्या खात्यात बारा तासांची पाळी, मीटरवर मजुरी, आणि स्लिप मागितली तर शेठ तुमच्याकडे असे बघतात जणू त्यांची किडनी मागितली.

सुरतेचा गुण दुसरा. तिथे काहीही शिक्षण नसलेल्या माणसाला तिसऱ्या दिवशी काम मिळतं, आणि धंद्याची अक्कल असेल तर पाच वर्षांत स्वतःचं काहीतरी सुरू करता येतं. माझ्यासोबत पार्सल उचलणारा शिरपूरचा एक मुलगा आज ड्रेस मटेरियलची दलाली करतो. पुण्यात भोसरीतून असं वर आलेला माणूस मावसभावाला आठवून सांगावा लागतो. नोकरी करायची तर पुणे, धंदा शिकायचा तर सुरत, असं ढोबळ म्हणा. महाराजांनी 1664 ला आणि पुन्हा 1670 ला सुरत लुटली. मराठी माणूस कामाला ठेवताना शेठ हसत हसत तो विषय काढतातच. आपणही हसायचं.

हिऱ्याचं मात्र आत्ता नाव काढू नका. जगातल्या दहापैकी नऊ हिऱ्यांना पैलू सुरतेत पडतात असं म्हणतात, खजोदला 67 लाख चौरस फुटांचा डायमंड बोर्स 2023 च्या डिसेंबरात उघडला, पण कारागिरांचे दिवस वाईट आहेत. प्रयोगशाळेतल्या हिऱ्यांनी भाव पाडले, त्यात 2025 च्या ऑगस्टात अमेरिकेने आयातशुल्क 50 टक्क्यांवर नेलं. कतारगाम-वराछाचे घंटीवाले, म्हणजे हिरे घासणारे, लूमकडे वळताना मी पाहिले आहेत.

बायकोच्या कामाचं कुणी विचारत नाही, म्हणून मी सांगतो. लिंबायतच्या गल्लीत दुपारी गेलात तर प्रत्येक दारात साड्यांचे ढीग दिसतील: धागे कापणं, लेस लावणं, टिकल्या चिकटवणं. नगावर पैसे, फार कमी, डोळे आणि पाठ जाते. पण तान्हं मूल मांडीवर घेऊन करता येतं. भोसरीत वहिनीला कंपनीत पॅकिंगचं काम मिळालं, पगार साड्यांच्या दुप्पट, पण मुलाला सांभाळायला सासूला गावाहून आणावं लागलं. सासू तिथे रमली नाही. हिशेब करताना हेही धरा.

नवापूरचं बाकडं

नवापूर स्टेशन अर्धं महाराष्ट्रात, अर्धं गुजरातेत. बाकड्याच्या एका टोकाला बसून दुसऱ्या टोकाला सरकलात की राज्य बदलतं. लोक फोटो काढतात. त्या बाकड्यावर दाखल्याची किंमतही बदलते, ते फोटोत येत नाही. तुमचा जातीचा दाखला महाराष्ट्राचा. गुजरातेत राहायला गेलेल्याला तिथल्या राज्याच्या नोकरीत, प्रवेशात त्यावर आरक्षण मिळत नाही. तुमची जात किंवा जमात त्यांच्या यादीत असली तरी नाही. उलट मुलगी सुरतेत दहावी-बारावी झाली तर महाराष्ट्राच्या राज्य कोट्यातून वैद्यकीय प्रवेश तिला अवघड, कारण तिथे दहावी आणि बारावी महाराष्ट्रातूनच लागते. दोन्ही दारं अर्धी बंद. मला हे मुलगी नववीत गेल्यावर कळलं. माझ्या अकरा वर्षांतली सगळ्यात महाग चूक हीच, फ्रीज नव्हे. लाडकी बहीणचे 1,500 रुपयेही महाराष्ट्रात राहणारीलाच, हे नंतर भांडण नको म्हणून आधीच घरात सांगून ठेवा.

भाषेची मात्र भीती बाळगू नका. सुरत महापालिका सात माध्यमांच्या शाळा चालवते, त्यात मराठी आहे. 2023 च्या कायद्याने आठवीपर्यंत गुजराती सगळीकडे सक्तीची झाली, आणि मुलं ती सहा महिन्यांत गल्लीत शिकतात. बाकी आमच्या भागात अहिराणीवर दिवस निघतो. श्रावणात आपली खान्देशची देवी कानबाई बसते, तिच्या नैवेद्याचे रोट होतात, आणि सोमवारी बायका डोक्यावर कानबाई घेऊन वाजतगाजत तापीवर जातात. पुण्यात मावसभाऊ मराठी मुलखात आहे, पण "कुठले तुम्ही? भाषा वेगळी वाटते" हे त्याला अजून ऐकावं लागतं. सुरतेत आम्हाला सगळे सरळ "मराठी" म्हणतात आणि विषय संपतो.

खाण्याबद्दल "सुरतनुं जमण" वगैरे ऐकलं असेल. लोचो चांगला असतो, थंडीत पोंक जरूर खा. शेवभाजी आपल्यासारखी होत नाही.

जाण्या-येण्यात पुणे थोडं पुढे गेलंय. पिंपरीहून स्वारगेटपर्यंत मेट्रो 2024 च्या सप्टेंबरपासून पूर्ण धावते, जरी चाकणच्या ट्रॅफिकला तिचा उपयोग शून्य. सुरतेत मेट्रोचे खांब 2021 पासून उभे राहताहेत; कामावर जायचं गणित त्यावर मांडू नका. शेअर रिक्षा आणि बीआरटीएसवर माझं चालतं.

भाच्याला मी पुणे सांगितलं. फिटर आहे, पुढे पोरं होतील, दाखला हाताशी राहील. त्याने मान डोलावली आणि मग म्हणाला की होणाऱ्या बायकोचे दोन्ही भाऊ डिंडोलीत आहेत, खोली बघून ठेवलीय, तळमजला, भाडं कमी.

म्हटलं, ठीक. मग डिपॉझिट द्यायच्या आधी जूनच्या शेवटच्या आठवड्यात ये. शेजारची घरं बघ. लोकांनी लाइटचं मीटर छातीच्या वर चढवलेलं दिसलं, की वरचा मजला माग.